पूल झाल्यावर बघू

८ सप्टेंबर २००२

"पूल झाल्यावर बघू." – दीपश्री. जेवताना. ताटातून वर न बघता.

विषय स्थळाचा होता. मुलगा श्रीवत्स, हुबळीत बँकेत. पत्रिका जुळते, नाकीडोळी ठीक – बँकेतल्या माणसाचं नाक जेवढं ठीक असावं तेवढं. त्याच्या आईची एकच अट: सुनेनं नोकरी खुशाल करावी, पण दिवेलागणीला घरी असावं. आता दीपश्रीची शाळा बसनगट्टीला, कलघटगीच्याही पलीकडे. मधल्या हळ्ळावर – ओढ्याला इथे ओढा कोणी म्हणत नाही – पूल अर्धा उभा आहे. बस अलीकडच्या काठावरून मागे वळते. पावसाळाभर आमची लेक त्या काठाला, हिराबाई म्हणून एक बाई आहेत त्यांच्या घरात खोली घेऊन.

म्हणजे पूल झाला की बस गावात जाईल, बस गेली की मुलगी संध्याकाळी घरी, मुलगी घरी की लग्न. तर्क निर्दोष आहे. सौ. म्हणाली, "तुम्ही पेपरवाले ना? मग पूल करा की."

बेळगावच्या दैनिकाचा मी धारवाडचा बातमीदार. आजवर घरात माझ्या धंद्याचा उल्लेख रद्दीच्या संदर्भातच होत असे.

१२ सप्टेंबर

बांधकाम खात्यात गेलो. पूल ज्याच्याकडे आहे तो इंजिनिअर महादेव अंगडी. सरळ माणूस. इतका सरळ, की त्याच्या टेबलावर फायली आहेत आणि त्या फायलींवर धूळ आहे, हे तो लपवत नाही.

"आचार्यरे, माझ्याकडून काही नाही हो. दिल्लीनं हप्ता रोखलाय."

मग त्यानं समजावलं. आपण पेट्रोल-डिझेल घेतो त्यात लिटरमागे थोडा अधिभार असतो. तो दिल्लीत गोळा होतो आणि रस्त्यांसाठी राज्यांना परत वाटला जातो. वाटणी कशी? ज्या राज्यात तेल जास्त जळतं त्याला जास्त. शिवाय राज्य आकारानं मोठं असेल तर त्याचंही थोडं बघतात.

न्यायशास्त्रात धूर दिसला की अग्नी मानतात. दिल्लीत धूर दिसला की रस्ता मानतात. पण जिथे रस्ता नाही तिथे गाडी नाही, आणि गाडी नाही तिथे धूर नाही. बसनगट्टीचा धूर फक्त चुलींचा. तो दिल्लीत धरत नाहीत.

घरी सौ.ला म्हटलं, मी स्कूटर जितकी जास्त फिरवीन तितका राज्याचा वाटा केसभर वाढेल. ती म्हणाली, "मग पेट्रोलही दिल्लीतच भरून घेत जा."

१३ सप्टेंबर

काल मुख्य गोष्ट लिहायची राहिली – हप्ता का रोखला. राज्यानं आधीचे पैसे कामाला लावल्याचा दाखला पाठवायचा असतो. ऑफिसात त्याला यूसी म्हणतात, जपमाळेतल्या मंत्रासारखं, दिवसभर. तो गेला नाही की पुढचं काही येत नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी जिल्ह्याचे दाखले राहिलेत, म्हणून आमचा हळ्ळ अडला.

पाठशाळेत आमच्या गुरुजींची हीच रीत. आधीचा श्लोक म्हणून दाखवल्याशिवाय पुढचा नाही. आणि एकाचा अडला तर सगळा वर्ग खोळंबायचा. मागच्या बाकावरचा एकजण तर मुद्दाम अडायचा. तो पुढे मंत्रालयात लागला असं ऐकतो.

दिल्ली आणि दीपश्री, दोघींची पद्धत एक. नाही म्हणत नाहीत. अट घालतात.

२६ सप्टेंबर

बातमी आली. पान पाच, खाली, म्हशींच्या लसीकरणाशेजारी. संपादक फोनवर म्हणाले, "बाळाचार्य, निधीवाटपाचं सूत्र वाचून वाचक झोपेल हो." म्हटलं, वाचक झोपला तरी चालेल, सचिव जागा झाला पाहिजे.

पितृपक्ष चालू. श्रीवत्सची आई म्हणाली, या पंधरवड्यात बोलणी नकोत. सौ.नं सुस्कारा टाकला. दीपश्रीनं दुसरी पोळी घेतली.

१८ ऑक्टोबर

दसऱ्याला दीपश्री घरी होती. दोन दिवस माळ्यावरच्या खोलीत पुस्तक घेऊन. सौ. तिला साड्या दाखवत होती, ती "छान आहे" म्हणत होती. प्रत्येक साडीला तेच. मी पुढची बातमी लिहीत होतो तर मागे येऊन उभी राहिली.

"अप्पा, इतकी काय घाई आहे पुलाची?"

म्हटलं, गावाची सोय होईल.

"हो. गावाची होईल," म्हणाली आणि गेली.

१५ नोव्हेंबर

दाखल्यांवर तिसरी बातमी. आता पान तीन. अंगडी म्हणतो, बेंगळुरूहून फोन आला होता: हा कोण आचार्य, याला काय पाहिजे? अंगडीनं सांगितलं, "त्यांना मुलीचं लग्न करायचंय, सर." सरळ माणूस.

१३ जानेवारी २००३

हप्ता आला! राहिलेले दाखले गेले म्हणे. माझ्या बातमीनं गेले की आपोआप, हे ठरवता येत नाही. सौ.पुरतं मी ठरवलं आहे.

९ मार्च

बसनगट्टीला जाऊन आलो. पूल उभा आहे. दोन्हीकडचा भरावही झाला, मुरूम टाकून दाबलाय. फक्त डांबर बाकी. बस डेपोचा मॅनेजर सांगतो, डांबराशिवाय पावसाळ्यात बस घालणार नाही. रुतली तर त्यालाच ढकलायला लावतील.

पुलाच्या तोंडाशी दोरी बांधलीय. उद्घाटन झालेलं नाही ना. गाव अजून हळ्ळातूनच ये-जा करतं, पुलाच्या सावलीतून. मीही चपला हातात घेऊन तसाच गेलो.

शाळेमागे दीपश्री सापडली – सायकलवर. धारवाडात चोवीस वर्षं सायकलला हात लावला नव्हता. हिराबाई मागून ओरडत होत्या, "मास्तरीण बाई, म्हशीवर जाताय, म्हशीवर!" आणि ही हसत होती. मोठ्यानं. तोंडावर हात न ठेवता. हे हसू मी घरी ऐकलेलं नाही. असेल तिच्या आजोळचं.

हिराबाईंनी भाकरी आणि गुरेळ्ळूची, म्हणजे कारळ्याची, चटणी वाढली. म्हणाल्या, "तुमची पोरगी लई गुणाची. संध्याकाळी गावातल्या बायकांना सही करायला शिकवती. आता पूल झाला म्हंजे रोज घरला जाईल, न्हाई?"

मी हो म्हटलं. दीपश्री विहिरीवर पाणी आणायला गेली. घागर भरलेली होती.

२४ मार्च

काल वर्ल्ड कपची फायनल हरलो. आज बांधकाम खात्यात कोणी कुणाशी बोलत नाही. अंगडी एकटा बोलला, आणि वाईट बोलला.

डांबराचा हप्ता हवा तर पुलाचा दाखला ३१ मार्चच्या आत गेला पाहिजे. दाखल्यात लिहायचं – पूल वाहतुकीस खुला. आणि पुलावर दोरी.

"मग सोडा दोरी," मी म्हटलं.

"कशी सोडू? पैसा दिल्लीचा, म्हणून खासदार म्हणतात फीत मी कापणार. रस्ता राज्याचा, म्हणून आमदार म्हणतात मी. शेवटी दोघांनी मिळून कापायचं ठरलं."

"उत्तम. कधी?"

"उगादीला. साडेतीन मुहूर्तातला एक, पंचांग बघायला नको."

उगादी, म्हणजे पाडवा, २ एप्रिलला. त्याच्या आदल्या दिवशी अमावस्या, तेव्हा तर विषयच नाही. दिल्लीचं वर्ष ३१ला संपतं, आमचं २ला सुरू होतं. मधल्या फटीत पूल अडकला.

"मग दाखल्यावर खुला म्हणून लिहून टाका. दोन दिवसांचा तर प्रश्न."

"आचार्यरे," अंगडी म्हणाला, "ज्या पुलावरून अजून शेळी गेली नाही त्याला खुला कसं लिहू?"

असा माणूस नेमका आमच्याच पुलाला मिळावा.

२७ मार्च

श्रीवत्सच्या घरून निरोप: जूनपर्यंत बसचं नक्की होत नसेल तर दुसरीकडे बघतो, राग नसावा. सौ. सकाळपासून देवघरात. भांड्यांचा आवाज मात्र स्वयंपाकघरातून येतोय, तो कसा ते विचारलं नाही.

२८ मार्च

पहाटे डोक्यात आलं. अंगडी शेळी म्हणाला होता ना!

नवं घर बांधलं की आधी कोण शिरतं? गाय. मग मालक. गाय आत गेली म्हणून कोणी म्हणत नाही की गृहप्रवेश झाला. तो पूर्वांग विधी. मुख्य विधी शाबूत राहतो.

अंगडीला शास्त्र समजावलं. पुलाला गोप्रवेश करायचा. दोरी एका बाजूनं सोडायची, कापायची नाही. गाई पलीकडे गेल्या की पूल वापरात आला. आणि फीत उगादीला दोघांना अखंड मिळेल.

त्यानं विचारलं, "हे कुठल्या ग्रंथात आहे?"

म्हटलं, पुलाचं थेट नाही. पण घराला चालतं ते पुलाला चालू नये असंही कुठे नाही.

"आणि गाईला वाहतूक म्हणता येईल?"

म्हटलं, गाईमागून दुधाची गाडी घालू.

"इरली बिड्री," म्हणाला. असू दे, चालेल. इंजिनिअरच्या तोंडून याहून मोठं प्रमाणपत्र निघत नाही.

३० मार्च

झालं. हिराबाईंच्या दोन गाई आणि एक कालवड, शिंगांना झेंडू. मी संकल्प सांगितला. देशकालाच्या उच्चारात 'बांधकाम खाते' घालावं लागलं, ते मात्रेत बसलं नाही. पहिली गाय मध्यावर थांबली आणि पुलावर जे करायचं ते करून पुढे गेली. हिराबाई म्हणाल्या, "शेणसडा पण झाला." मागून दुधाचा टेम्पो, मग सायकली, मग सगळं गाव.

अंगडीनं स्वतः चालत जाऊन परत आल्यावर सही केली. उद्या दाखला जातो.

दीपश्री कठड्याशी उभी होती. सायकल हातात. सगळे गेले, ती गेली नाही. "तू नाही ओलांडणार?" विचारलं. म्हणाली, "मी याच बाजूची आहे ना, अप्पा."

३१ मार्च

दाखला गेला.

२ एप्रिल

उद्घाटन. आमदार, खासदार, दोन कात्र्या, एक फीत. भाषणात दोघांनी निधी आपणच आणल्याचं सांगितलं. गाईंचा उल्लेख झाला नाही. बातमी पान एक.

१८ मे

डांबर पडलं. श्रीवत्सची आई फोनवर म्हणाली, आता काही अडचण उरली नाही. सौ.नं मला चहाबरोबर चकली दिली. ही माझ्या पत्रकारितेला मिळालेली पहिली मान्यता.

२ जून

बस सुरू झाली. धारवाड–बसनगट्टी, संध्याकाळी परत. मी स्टँडवर घ्यायला गेलो होतो. दीपश्री उतरली नाही. कंडक्टर म्हणाला, बाई पलीकडेच राहिल्या, निरोप दिलाय, उद्या येतात.

३ जून

आली. पिशवीतून हिराबाईंच्या लाल मिरच्या काढल्या, मग बदलीचा हुकूम. तिनं मार्चमध्येच अर्ज केला होता. मेलगट्टी – बसनगट्टीच्या पुढे, अजून आत, मध्ये आणखी एक हळ्ळ. शिक्षणखात्यातला साहेब हसला म्हणे: बाई, आजवर सगळे बाहेर बदली मागतात, आत मागणाऱ्या तुम्ही पहिल्या.

सौ. भिंतीला टेकून बसली. "आणि श्रीवत्स?"

"त्यांना कळव आई, वाईट माणसं नाहीत ती. बसनगट्टीतल्या बायका आता माझ्याशिवाय शिकतील. मेलगट्टीत कोणीच नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मला तिकडे बरं वाटतं, अप्पा. स्वतःचं दार आहे तिथं. इथं कोणी वाईट वागतं असं नाही."

"अगं, पण कधीतरी…" सौ. म्हणाली.

"पूल झाल्यावर बघू," दीपश्री म्हणाली. या वेळी वर बघून.

मी खोलीत आलो. सप्टेंबरात हेच वाक्य मी अट म्हणून ऐकलं. ते उत्तर होतं.

१९ जून

अंगडी सुभाष रोडवर भेटला. खूश. आमचा दाखला वेळेत गेला म्हणून मेलगट्टीचा पूल यंदाच्या यादीत बसला, पहिला हप्ताही आला. पायाभरणीला चांगला दिवस बघा म्हणाला, आचार्य, तुमच्या हातगुणाचं काम आहे.

मी पिशवीतून पंचांग काढलं. रस्त्यावरच उभ्यानं सगळी पानं उलटली.

म्हटलं, अंगडी, या वर्षी पुलाला मुहूर्तच दिसत नाही.