रिंगरोडलगतच्या अकरा एकर रानाबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा सॉ मिल, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या पुढच्या खोलीत बसून पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्याही दबावाखाली नाही, असेही लिहावे लागते म्हणून लिहितो. दबाव आणणारे गेल्या दहा वर्षांत पुष्कळ येऊन गेले, त्यांना चहा देऊन परत पाठवले. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले रागाच्या भरात केले होते, दुसरे त्याहून जास्त रागात. हे तिसरे मी थंड डोक्याने करतो आहे असे वकीलबाई म्हणतात. तो त्यांचा गैरसमज आहे.

१. राहते घर माझा एकुलता एक मुलगा व सूनबाई या दोघांच्या नावे, समान हिश्श्याने. छप्पर पश्चिमेच्या कोपऱ्यातून गळते. गवंडी दुसरीकडेच फोडायला निघेल, त्याला फोडू देऊ नये.

२. सॉ मिल, तिची शेड, मोठी पट्टी-करवत व सर्व हत्यारे मिस्त्रीला. तो माझ्याकडे एकतीस वर्षे आहे. करवतीच्या पात्याला धार मी स्वतः लावतो असे मी गिऱ्हाइकांना सांगत आलो. गेली बारा वर्षे ती तोच लावतो. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवे होते.

३. माझ्या मेहुण्याला, ज्याने पहिला बिल्डर माझ्या दारात आणला, त्या बिल्डरचे छापील रंगीत पुस्तक मिळावे. त्यात पाच इमारती आहेत आणि पाचही इमारतींना, ज्या झाडांच्या जागी त्या उभ्या राहणार होत्या, त्या झाडांची नावे आहेत. शेवटच्या पानावर हरीण आहे. आमच्या रानात हरीण कधीच नव्हते. मुंगसे आहेत, घुबडे आहेत, त्यांचे फोटो कोणी छापले नाहीत.

४. रान. हे कलम लांबणार आहे, वकीलबाईंनी आवरते घ्या म्हणून सांगितले तरी.

रिंगरोडला लागून असलेले अकरा एकर रान माझ्या एकट्याच्या मालकीचे असून मी ते स्वतःच्या कमाईतून घेतले. कापण्यासाठी घेतले. हे स्वच्छ लिहितो, कारण वर्तमानपत्रात माझ्या नावाआधी ‘वृक्षप्रेमी’ असे छापून आले होते आणि तीन फोन करूनही बातमीदाराने दुरुस्ती केली नाही. तेव्हा शहर पुष्कळ लांब होते आणि रानात सहा वर्षे पुरेल एवढा साग व शिसव उभा होता. त्याच साली माझी पत्नी मोठ्या दुखण्यातून उठली. डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितले आणि ती तिथे चालायला जाऊ लागली. पहिल्या वर्षी म्हणाली, “यंदा राहू द्या, मला सावलीतून चालता येतंय.” दुसऱ्या वर्षी एका ढोलीत घुबडाची पिल्ले निघाली. तिसऱ्या वर्षी तिने कारण सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. अशी सव्वीस वर्षे गेली. मी लाकूड बाहेरून आणत राहिलो.

ती गेल्यानंतर एका सकाळी मी मिस्त्रीला घेऊन चुन्याचा डबा उचलला व झाडांवर खुणा करायला गेलो. दुपारपर्यंत चाळीस झाडांवर खुणा झाल्या. घरी आलो, जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी बादली आणि ब्रश घेऊन त्या सगळ्या पुसून आलो. मिस्त्रीने बादली धरली.

जन्मभर झाडे कापणाऱ्याला आताच कसा पुळका आला, असे लोक विचारतात. मला उभे झाड पाहिले की त्यातून किती फळ्या निघतील ते दिसते. अजूनही दिसते. त्यात किती वर्षे गेली आहेत तेही दिसते, आणि विचारणाऱ्यांना ते दिसत नाही, एवढाच फरक.

५. गेल्या वर्षी काय झाले ते, म्हणजे पुढची कलमे समजतील.

खुब्याच्या ऑपरेशनसाठी मी दवाखान्यात गेलो, तेव्हा बँकेची कामे अडू नयेत म्हणून मुलाला कुलमुखत्यारपत्र करून दिले. टायपिस्टने ठरावीक मजकूर टाईप केला, त्यात जमीनजुमलाही आला. मी न वाचता सही केली. दुसऱ्यांना जन्मभर ‘वाचून सही करा’ म्हणणारा मी. मुलाने त्या कागदाच्या जोरावर एका बिल्डरशी रान विकण्याचा करार ठरवला व नोंदणीची तारीख घेतली. बिल्डरने तारखेची वाट न पाहता रस्त्याच्या कडेने झाडे कापायला मशीन घातले.

सूनबाई नगररचना खात्यात नकाशे तपासते. नऊ वर्षांपूर्वी माझ्या शेडचा वाढीव नकाशा तिच्या टेबलावर गेला होता. “बाबा, मीटरभर पुढे आलंय,” म्हणून तिने तो परत पाठवला. घरचा माणूस असून. तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नव्हतो. एकाच घरात नऊ वर्षे न बोलणे सोपे नसते, पण मला ते जमले होते.

त्याच टेबलावर माझ्या रानाची फाईल आली. ती फाईल पाहून ती तडक दवाखान्यात आली. म्हणाली, “मी बोलायला आलेली नाही. नोंदणी आज बारा वाजता आहे, एवढं सांगायला आलेय.”

“तुझ्या नवऱ्याने सही केली?”

“हो. आणि मी त्याला विचारून आलेली नाही.”

मला अजून पाय टेकवायची परवानगी नव्हती. चाकाच्या खुर्चीतून टॅक्सीत, टॅक्सीतून नोंदणी कार्यालयात. तिथल्या कारकुनाने दवाखान्याच्या कपड्यांतल्या माणसाकडे वर न पाहता सांगितले, “टोकन घ्या.” टोकन घेतले. प्रिंटर बंद होता. सूनबाईने प्रिंटर दुरुस्त केला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मुखत्यारपत्र रद्द झाले. बारा वाजता मुलगा बिल्डरबरोबर आत आला आणि आम्हा दोघांना पाहून दारातच थांबला. “बाबा, रस्ता आला की ते जाणारच होतं,” एवढेच म्हणाला.

तोवर त्रेसष्ट झाडे पडली होती. पर्यावरण मंडळवाले नंतर आले आणि बुंध्यांवर बसून फोटो काढून गेले. त्यांना या मृत्युपत्रात काही नाही.

६. माझे म्हणणे साधे होते. रान सूनबाईला द्यावे आणि ‘कधीही विकू नये’ असे लिहावे. वकीलबाई म्हणाल्या, “काका, एकदा नावावर करून दिलंत की अशी अट टिकत नाही.” जी अट सगळ्यांना कळते तीच कायद्यात कशी टिकत नाही, यावर आमचे दोन आठवडे गेले. अखेर संपूर्ण रान सार्वजनिक न्यासाकडे जाईल. न्यासाचा उद्देश एकच: ते रान, रान म्हणून राहावे. बाके, कारंजी, लेझर शो आणि माझ्या नावाची पाटी यांपैकी काहीही होऊ नये. विश्वस्त तीन. पहिली सूनबाई; दुसऱ्या, इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई.

७. तिसरी जागा मी मिस्त्रीसाठी धरली होती. सूनबाईने कच्चा मसुदा वाचला आणि परत केला, सवयीप्रमाणे. म्हणाली, “तिसरा तुमचा मुलगा.”

“त्याने विकायला काढलं होतं.”

“म्हणूनच. बाहेर ठेवलात तर उद्या कोर्टात उभा राहील. आत घेतलात तर सभेला यावं लागेल, झाडं मोजावी लागतील.”

“आणि नाही आला तर?”

“तर मी आहे ना घरात.”

मी तीन दिवस जेवणाच्या टेबलावर कोणाशी बोललो नाही. मिस्त्रीला विचारले, तर त्याने सूनबाईचीच बाजू घेतली. शेवटी लिहिले. तिसरा विश्वस्त माझा मुलगा. हे मला पटलेले नाही, तरी हे माझेच म्हणणे समजावे.

८. मसुदा मुलाला वाचायला दिला. त्याने तो उभ्यानेच वाचला. वाचून झाल्यावर विचारले, “मग मी काय करायचं?” माझ्याआधी सूनबाईच स्वयंपाकघरातून म्हणाली, “कापलेल्या सागाला फुटवे आलेत. एका बुंध्यावर एकच ठेवून बाकीचे छाटायचेत. सोमवारी सकाळी सातला कुंपणापाशी ये.”

तो जाईल असे मला वाटले नव्हते. तो गेला. हे लिहीपर्यंत तीन सोमवार झाले आहेत, तिन्ही सोमवारी गेला, आणि काल त्याने मिस्त्रीकडून छाटणीच्या कोयत्याला धार लावून घेतली. मी त्याला याबद्दल काही बोललेलो नाही. माझ्या पश्चातही कोणी बोलू नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचला आहे, या वेळी प्रत्येक पान.

सही: (मृत्युपत्र करणारा)

साक्षीदार १: माझे डॉक्टर. यांच्यासमोर सही केली.
साक्षीदार २: समोरच्या दुकानात घड्याळे दुरुस्त करणारे. यांच्यासमोर सही केली. या कागदातून यांना काहीही मिळत नाही, तरी दुकान बंद करून आले.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५