न पाहिलेलं उत्तर

तेहरान, २४ आबान

प्रिय तरलान,

आज हूमानला जाऊन चाळिसावा दिवस होता. सकाळी कबरस्तानात गेलो, मार खाल्ला, दुपारी डाव्या हाताला प्लास्टर घालून घरी आलो. उजवा शाबूत आहे.

फुलं ठेवेपर्यंत पोलिसांनी वाट पाहिली, मग दंडुके चालवले. एकाने हातोड्याने कबरीचा दगड फोडला. हूमानची आई जागची हलली नाही. "थांबलास का रे? उतर खाली, त्यालाही पुन्हा मार," म्हणाली. त्याने तिला केसांना धरून फरफटत नेलं. मी मधे पडलो. हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला, दुखलं नंतर.

तो कसा गेला हे तुला कुणी नीट सांगितलं नसेल. विद्यापीठाच्या फाटकापाशी ते एका मुलीला गाडीत कोंबत होते. हूमान तिला कमरेला धरून मागे ओढत होता. गोळी मानेत लागली. मी जखम दाबून बसलो. रक्त बोटांमधून येतच राहिलं.

भौतिकशास्त्राच्या संस्थेत आपण तिघं एकाच खोलीत बसायचो, म्हणून तुमचं भांडण मला ठाऊक आहे. पोकळीत रोवलेली एकच दोषरेषा. त्याच्या सिद्धांतात तिच्यावर विजेचा भार, तुझ्या सिद्धांतात चुंबकाचा. अतिसममितीत जोडीच्या अवस्था एकमेकींना खोडतात. बिनजोड उरतात तेवढ्याच मोजायच्या. दोन्ही सिद्धांत एकाच गोष्टीची दोन रूपं असतील, तर आकडा दोन्हीकडे एकच यायला हवा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, संपेपर्यंत दुसऱ्याचं पाहायचं नाही, हा आपला नियम. आणि इटलीला, त्रिएस्तेला जायच्या घाईत तू तुझं उत्तर त्याला पाठवून दिलंस. तो फोनवर ओरडला, "अगं बाई, पेपर फोडलास!" तू म्हणालीस, "मग डोळे मिटून घे, शहाण्या!" तेव्हापासून तुमचं बोलणं बंद.

तो मोजायला बसायचा आणि हात आपोआप तुझ्या आकड्याकडे वळायचा. शेवटी मला म्हणाला, "बेहरंग, तू एकटाच स्वच्छ उरलास. तू मोज." मी म्हटलं, "मला तुमच्यासारखं जमत नाही." "म्हणूनच तर! तुला ढापताही येणार नाही." त्याच आठवड्यात तो गेला.

मग मी मोजायला बसलो. काल संपलं. त्याच्या बाजूने सात येतात. तुझं उत्तर मी अजूनही पाहिलेलं नाही, म्हणून हे पत्र. तुझ्याकडेही सात असतील तर लेख पाठव. नावं नेहमीसारखी अक्षरक्रमाने. मेलेल्याच्या नावापुढे छापतात तो खंजीर त्याच्यापुढे छापतील, छापू देत. सात नसतील तर तसं स्पष्ट लिही, पुन्हा मोजू. त्याच्यासाठी म्हणून हो म्हणू नकोस.

घरात नान नाही. खाली भट्टीवर एकच नान घेणाऱ्यांची रांग वेगळी असते. हूमान आणि मी कायम मोठ्या रांगेत भांडत उभे असायचो. लहान रांग भराभर सरकते. आता तिथे जाऊन उभा राहतो.

तुझाच,
बेहरंग