गॅरेजमधला काटा चुकतोय

अस्मिता,

कल्पना कर, तू मोहरीच्या दाण्याएवढी आहेस आणि बाबांच्या डिजिटल काट्यावर बसली आहेस. शेजारच्या हीटरची झुळूक आली, की तू न हलताही तुझं वजन बदलतं.

नेमबाजीसाठी बाबा याच काट्यावर बंदुकीची दारू मोजून काडतुसं भरतात. मी एकच वजन तीनदा ठेवून पाहिलं, तिन्ही वेळा आकडा वेगळा. दारू थोडी जास्त पडली, तर बंदूक तुझ्या बाबाच्या हातात फुटेल. आज तो भरायला बसणार आहे. मी सांगायला गेलो, तर म्हणाला, "अण्णा, तुमची शाळेची लॅब नाही ही. प्लीज!"

तुझं तो ऐकतो. काटा हीटरपासून लांब, सपाट टेबलावर ठेवायला सांग. अर्धा तास चालू राहू दे, मग वजन ठेवून तपासा. दारूला तू हात लावू नकोस.

मी लायब्ररीत चाललोय. तिथे निदान कोणीतरी "हाय" म्हणतं.

मी शाळेत शिकवायचो, तेव्हा माझ्या वर्गात सुमित्रा नावाची मुलगी होती. काटा चुकतोय म्हणाली, तर सगळे हसले, मीसुद्धा. तिने माझी बाही धरली आणि मला ओढत काट्यापाशी नेलं. काटा खरंच चुकत होता.

आजोबा