तू दम पाहत बसायचीस

प्रिय माय,

तुला मी स्वतःच्या हातानं कधी पत्र लिहिलं नाही. चौथीत शाळा सोडली, म्हणून खोलीतल्या एका शिकलेल्या गड्याकडून चार ओळी लिहून घ्यायचो. आज मीच बसलो. हे दुसऱ्याला सांगून लिहून घेण्यासारखं नाही. तुझी तेरवी करून अहमदाबादेला आलो त्याला आठ दिवस झाले. गिरणीत राहतो का घरी जातो, ते मुकादमाला उद्या सांगायचं आहे.

मागच्या दिवाळीला मी आलो होतो, आठवतं? बाबांना लकवा होऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचं धुणं-पुसणं, खाणं-पिणं उरकून तू गोठ्यामागं लिंबाखाली जाऊन बसायचीस. डोळे मिटून, न हलता. त्या सकाळी आतून बाबा सारख्या हाका मारत होते.

मी विचारलं, "काय करून राह्यली वं माय?"

"दम पाहून राह्यली, राजा. आलीच."

दम पाहून! माझं डोकं सटकलं. आजारी माणूस किती कळ काढतो ते तू पाहतेस, असं वाटलं मला. शेजारपाजार ऐकेल असा ओरडलो, "लकव्याच्या माणसाचा दम पाहतं काय? लाज नाही वाटत?"

तू उठलीस, पदराला हात पुसलेस अन आत गेलीस. काऊन गेलीस माय? एक थोबाडीत द्यायची होतीस!

आल्याच्या सातव्या दिवशी मी मेहकरहून गाडी धरून परत गिरणीकडं पळालो. मला एका जागी करमतं कुठं?

मग तुझ्या तापाची तार आली. पोचलो, तोवर तू गेली होतीस.

तेरवी झाल्यावर, बाबांपाशी येऊन राहिलेली आपली अक्का एका दिवसासाठी डोणगावला सासरी, तिची लेकरं पाहायला गेली. तेवढा एक दिवस बाबा माझ्याकडं. एकच दिवस! दुपारपर्यंत तीनदा धोतर बदललं. मग त्यांनी कण्यांचा घास माझ्या अंगावर थुंकला, अन मी हात उचलला. मारला नाही. पण उचलला, माय.

बाबा वाकड्या तोंडानं म्हणाले, "मारतं काय बे? जाय, मायवाणी दम पाहून ये."

"कोणाचा दम?"

"सोताचा, येड्या! श्वास येते, श्वास जाते, तेवढंच पाहे ते. डोकं थंड झालं की माह्यापाशी ये. दिवाळीपासून बसलीच नाही. मंग मले टाकून बोले, अन मंग सोताच रडे."

तुझा ताप माझ्यामुळं आला असं मी म्हणत नाही. पण दिवसभरातलं तुझं तेवढंच होतं ना गं? तेच मी हिसकावलं! अन तू मला एकदा समजावलंही नाहीस. एवढा का मी परका झालो होतो?

मी उद्या मुकादमाला नाही म्हणतो, घरी जातो. अक्का सासर सोडून बाबांपाशी आहे, तिचा आवाजही आता चढायला लागला होता. माझं स्वतःचं बूड टेकेल का, देव जाणे. चिडीनही. पण एक वचन देतो. घरात पाय टाकल्याबरोबर तिला म्हणीन, "तू बाहेर जाऊन बस वं. पाहिजे तेवढा वेळ बस. बाबांनी हाक मारली, तं मी हाय ना."

हे तेव्हा तुला म्हणायचं होतं, माय.

तुझ्यावर ओरडलेला,
तुझाच किसन