आसरांचं पाणी

४ मे १९८६
गावसभेतनं हाकललं सरकारी साहेबाला! लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कॉलन्या झाल्या — अन् त्यांच्या मोरीचं, संडासाचं पाणी शुद्ध करायचा कारखाना आमच्या गावात? का म्हणून? साहेब म्हणे, "स्वच्छ करूनच सोडू." मी उभं राहून म्हणलं, "मग तुमच्याच दारात बांधा की!" लई टाळ्या पडल्या.

संध्याकाळी आम्ही बायांनीच नाल्याला आडवा बांध घातला, गावविहिरीला लागून. कॉलनीची घाण पुढं आमच्या वावरात येऊ द्यायची न्हाई. न्हाई म्हणजे न्हाई!

९ मे
आजबी टँकर न्हाई. जीव नकोसा झाला.

१३ मे
विहिरीला पाणी आलं!! दोन वर्षं कोरडी ठाक. आभाळात ढग न्हाई. अन् भर दुपारी बघावं तर कमरेइतकं पाणी! कसलाच आवाज न्हाई. देवीचं करणारी पार्वतीबाई म्हणाली, "पाण्यातल्या साती आसरा देवी पावल्या ग! तू गाव राखलं म्हणून." माझ्या पायाच पडली. अंगावर काटा आला — आनंदाचाच म्हणायचा.

१५ मे
म्हैस ते पाणी पीना. तहानलेली मुकी, तोंड लावलं अन् मागं सरली. विहिरीवर एक चिमणीसुद्धा न्हाई. शेजारची रहमतबी म्हणते, "उमाबाई, साबनाची बू येऊन राहिली." झापलं तिला — आधी स्वतःचं नाक धू म्हणलं! ती गेल्यावर पाण्यात बुडवून हात हुंगला. साबणच.

१८ मे
एका रातीत पाणी हिरवंगार झालं. बाया म्हणाल्या, आसरांनी हिरवं लुगडं नेसलं! ओट्या भरल्या, हलगी वाजली. लेकरालेकराच्या जिभेवर तीर्थ. सुनंच्या मांडीवरल्या तान्ह्या नातीला मीच चमच्यानं पाजलं.

वाकून बघितलं तर पाण्यात माझं तोंड दिसंना. लई भ्या वाटलं.

२० मे
साहेब वेशीवर भेटला. भीतभीतच बोलला, "बाई, नाल्यात वर कॉलनीजवळ हिरवा रंग सोडला होता, घाण कुठं मुरते ते बघायला. तुमच्या बांधानं पाणी तुंबलंय, ते विहिरीत झिरपतंय. पिऊ नका." तशीच घराकडं पळाले. घरी आले तर नातीला जुलाब. मुठीएवढा जीव! काय केलं ग मी हे?

२१ मे
विहिरीवर जाऊन वरडले — पिऊ नका, मोरीचं पाणी हाय ते! पोहऱ्याच्या दोराला लोंबकळले, कोणाला शेंदू दिलं न्हाई. पार्वतीबाई म्हणाली, "उमाबाईला आसरांनी धरलं!" चौघींनी धरून घरात कोंडलं. उतारा म्हणून तेच पाणी तोंडात ओतलं. सून कोपऱ्यात रडत उभी. तिचाबी माझ्यावर इश्वास न्हाई.

२२ मे
खिडकीतून विहीर दिसते. सून नातीला घेऊन तीर्थाच्या रांगेत उभी हाय. मी नरडं फाडून वरडून राहिले. त्यांना वाटतंय, माझ्या तोंडून आसरा बोलून राहिली. सगळ्याजणी हात जोडून ऐकतायत.