आमच्याच दुकानाकडे आमचीच तक्रार

ताई गं,

धाकटीचा वाकून नमस्कार (मनातल्या मनात; खरंच वाकले तर पाठ धरते). तुझे गुडघे काय म्हणताहेत? भावजींचा खोकला? मी ठणठणीत. अगं, मी साहेब झाले! सासरेबुवांनी उभ्या केलेल्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची मुख्य अधिकारी, आणि तीही कायमची! पण काल ही खुर्ची जाता जाता राहिली, ते ऐक.

तुला ठाऊकच आहे, आमच्या घरात नवी वस्तू येत नाही. गिऱ्हाइकांनी परत केलेला माल, त्यावरच आमचा संसार (फ्रीजचं दार नाडीनं बांधतो, मिक्सर लावायचा तर सासूबाई आधी सगळ्यांना लांब उभं करतात). काल सगळं घर दिवाणखान्यात जमलं होतं, मला कायम करायचं की धाकट्या दिरांना बसवायचं ते ठरवायला. मला नव्या शाखांचे आराखडे दाखवायचे होते, आणि घरच्या टीव्हीला नुसता आवाज, चित्रच नाही. म्हणून दुकानातून कोरा करकरीत टीव्ही उचलून आणला. सासरेबुवांचा पारा असा चढला! गिऱ्हाइकाचा माल घरात आणलास? दीर गालातल्या गालात हसले. आणि मेला तो टीव्ही लागेचना.

मी घाबरले नाही हं (घाबरले, पण दाखवलं नाही). ऐटीत म्हटलं, आपली तक्रार-सेवा कशी धावते ते बघाच, आणि सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर लावला. संगीत वाजलं. वाजतच राहिलं. चहा झाला, परत चहा झाला. सासरेबुवांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या कंपनीची वाट पाहिली! शेवटी एक मुलगी फोनवर आली आणि म्हणाली, वरिष्ठांना जोडते. झालं, माझ्या पर्समधला ऑफिसचा फोन वाजायला लागला (अडलेली तक्रार थेट मुख्य अधिकाऱ्याकडे, हा नियम मीच मोठ्या हौसेनं काढला होता).

"उचल," सासरेबुवा म्हणाले.

उचलला. ताई, मी स्वतःचीच माफी मागितली, आणि वर स्वतःला चांगलं खडसावलंसुद्धा! सासूबाईंना हसू आवरेना. सासरेबुवा मात्र गंभीर. म्हणाले, नव्या शाखा राहू देत, आधी आहे ते सांभाळा. हिनं निदान फोन उचलला, खुर्ची हिचीच. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं गं!

तुझी,
धाकटी (आता साहेब)

ता. क. कायमची म्हणजे तशी पुढच्या बैठकीपर्यंत. तेव्हा सासरेबुवा स्वतः फोन लावणार आहेत. संगीत ऐकू आलं तर दीर बसतील. तू आख्खी शाळा एका हाकेत गप्प करायचीस, आता रिटायर होऊन घरीच आहेस. येऊन आमच्या फोनवाल्यांना जरा वळण लावशील का? ये ना गं!

आणखी एक ता. क. उत्तर पत्रानंच पाठव. फोन करू नकोस, रांग फार मोठी आहे आणि उचलणारी सध्या मी एकटीच.