सगळ्यात कमी पाण्याचं घर

शुक्रवार, १९ एप्रिल
जेवणं आटोपल्यावर

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलेलं तुला आवडत नाही, म्हणूनच म्हटलं. रागावलीस की तू पत्र नीट शेवटपर्यंत वाचतेस, असा माझा अनुभव आहे. तुम्ही तिघं बरी असाल. धाकट्याचा खोकला गेला का? इकडे सगळे आहोत तसे आहोत. आईंचं तेच, उजवी कूस, डावी कूस, आणि कूस बदलली की "ती कधी येतेय गं?" तुझा दादा बरा आहे. बोलत नाही, पण तो बोलायचा कधी?

तुझं पत्र मिळालं. खोली सोडत असल्याचं मालकांना सांगणार आहेस, मुलांचे शाळेचे दाखले काढणार आहेस, महिनाअखेरीस सामान घेऊन कायमची येतेस, सगळं वाचलं. दोनदा वाचलं. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी आपल्या बागेतल्या समारंभाची गंमत ऐक.

ही बाग तू पाहिलेली नाहीस. बसथांब्यामागे कचरा टाकायची मोकळी जागा होती ना, तिथे पाणी खात्याने ती केली. कमी पाण्यात कसं भागवावं हे लोकांना दाखवायची बाग. मातीत गळ्यापर्यंत पुरलेली मडकी, त्यातून झिरपेल तेवढ्यावर जगणारी झाडं, बुडाशी वाळल्या पानांचा जाड थर, आणि शेजारच्या चहावाल्याच्या मोरीचं पाणी खडी-वाळूतून गाळून घेणारी टाकी. सगळं बघायला एक बाई नेमल्या आहेत. आम्ही त्यांना बागवाल्या बाई म्हणतो. फार भली बाई. त्यांनीच दारात एक फळा लावला. दर महिन्याला घराघरांनी आपल्या मीटरचा आकडा आणायचा, त्या तो फळ्यावर लिहिणार, आणि ज्याचा सगळ्यात कमी त्याला एक रोप आणि टाळ्या.

झालं! आपल्या गल्लीला चढाओढीला निमित्तच हवं असतं. शिंपीकाका अंघोळीला लेकीकडे जायला लागले, ओला टॉवेल वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे. कोणी विचारलं तर "कापड आहे गिऱ्हाइकाचं." समोरची नर्स घरादाराचे कपडे दवाखान्यातून धुऊन आणायची. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई तर पाहुण्यांना फोनवरच सांगायच्या, निघताना पाणी पिऊनच निघा.

आणि तुझी वहिनी मागे राहते होय? मी लाँड्रीत इस्त्रीला, तिथे मालकांची ही मोठी टाकी. आईंच्या चादरी, दुपटी, आपले कपडे, सगळं मी गिऱ्हाइकांच्या कपड्यांखाली मशीनमध्ये सरकवायची. संध्याकाळी दोन कॅन भरून घरी. आपल्या मीटरचा काटा हलेना. चोरी म्हणशील तर चोरीच, पण तेव्हा तो खेळ वाटायचा गं. सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक होतं, आणि कोणी कोणाचं नाव घेत नव्हतं. झाकली मूठ. आकडे उतरायला लागले तशी बाहेरून माणसं बघायला यायला लागली, फोटो निघाले, आपल्या गल्लीला कधी नव्हे ते कोणी चांगलं म्हटलं. बागवाल्या बाईंना खरंच वाटायचं की हे सगळं मडक्यांनी केलं.

तर गेल्या रविवारी बागेत समारंभ. पताका, खुर्च्या, चहा-बिस्किटं. जी झाडं वर्षभर थेंब मोजून पितात, त्यांना सकाळी पाइप लावून अंघोळ घातली, साहेबांना हिरवी दिसावीत म्हणून. शिंपीकाका म्हणाले, "आज ह्यांची दिवाळी!" सगळे हसलो. पाणी खात्याचे मोठे साहेब आले. मुलांनी गाणं म्हटलं. मग नंबर काढले, आणि सगळ्यात कमी पाण्याचं घर म्हणून आपलं घर निघालं.

मी गेले स्टेजवर. ठेवणीतली साडी नेसले होते, तू दिलेली. साहेबांनी हातात नवी कोरी पितळी बादली दिली आणि माइकवर म्हणाले, "ह्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. तरी हा आकडा! ताई, सांगा बरं लोकांना, कसं जमवता?"

माइक माझ्या हातात दिला.

काय सांगू तुला! समोर एवढी माणसं, सगळी माझ्याकडे बघताहेत, आणि पहिल्या रांगेत आमचे लाँड्रीचे मालक. माझी जीभ तर तुला माहीत आहे, एकदा सुटली की आवरत नाही. म्हटलं, "सोपं आहे साहेब. नवऱ्याला सांगायचं, आज अंघोळ की आज चहा, एकच मिळेल." असा हशा पिकला! तुझा दादासुद्धा हसला. मग म्हटलं, माणसाला लागतं त्याच्या निम्म्यातही भागतं, आम्हालाच बघा. हे माझे शब्द. मीच म्हणाले, कोणी माझ्या तोंडी घातले नाहीत.

साहेबांनी तेच उचललं. मी अजून स्टेजवरच होते. ते माइकशिवायच मोठ्याने म्हणाले, ताईंनी लाखातली गोष्ट सांगितली. ज्या वस्तीने निम्म्यात भागवून दाखवलं, तिचं शिल्लक पाणी आता टेकडीवरच्या नव्या वसाहतीला देता येईल. उद्यापासून ह्या भागाला रोजच्या ऐवजी चौथ्या दिवशी पाणी सुटेल. तुमचा आदर्श सगळे घेतील.

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या गं! साहेब थांबले की वाजवायच्या एवढंच डोक्यात. मी बादली आणि माइक काखेत धरून वाजवल्या. मग मागच्या रांगेतून थांबत थांबत आवाज बंद झाला. नर्सनं तोंडावर हात ठेवला. माइक अजून माझ्याकडेच होता. मला म्हणता आलं असतं, साहेब, हा आकडा खोटा आहे, आमचं भागत नाही, आम्ही बाहेरून आणतो. मालक समोर बसले होते. मी माइक परत दिला आणि "धन्यवाद" म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बागवाल्या बाई मागे नळ्यांपाशी उभ्या राहून रडत होत्या. त्यांनाही आधी कोणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी मी आणि शिंपीकाका खात्यात गेलो. म्हटलं, लाज गेली तर गेली, खरं सांगू. सांगितलं. टॉवेल, चादरी, कॅन, सगळं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, पाणीसुद्धा विचारलं. मग म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाही, ताई. वरच्या वसाहतीची लाइन जोडून झाली आहे." शिंपीकाका म्हणाले, "अहो, पण आम्ही बाहेरून आणत होतो." तर म्हणाले, "मग आणत राहा."

आता कुठून आणणार? लाँड्री आपल्याच भागात येते. मालकांनी टाकीला कुलूप लावलं. मला एवढंच म्हणाले, "वहिनी, आता माझंच भागायचं नाही." लेकीकडचं शिंपीकाकांचं दार बंद झालं, तिच्याकडेही तीच लाइन. दवाखान्याने नर्सला नोटीस दिली. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. आमचं साचलं ते टेकडीवर गेलं.

तुला फोन केला होता, आठवतं? बुधवारी, आणि पुन्हा काल. दोन्ही वेळा तुझा आवाज ऐकला आणि उन्हाळ्यावर बोलत बसले. तू म्हणालीस, "वहिनी, तू आज अशी का बोलतेस?" मी म्हटलं, घसा बसलाय.

मग तुझ्या दादाला म्हटलं, तू लिही. बहीण तुझी आहे. तो म्हणाला, "येऊ दे तिला. भागवू." मी म्हटलं, कसं? चार दिवसांचं पाणी दोन पिंपांत, त्यात आईंचं सगळं, आपण दोघं, वर ती तिघं, त्यातलं एक पोर खोकणारं. सांग, कसं? जाताना म्हणाला, "तूच लिही. मी भाऊ आहे, माझ्याच्याने व्हायचं नाही."

म्हणून मी लिहिते आहे. तुझं चालेल का, हे मी विचारत नाही. नवरा सोडून गेलेली बाई, दोन पोरं, महिन्याला वाढतं खोलीचं भाडं, मालकाची बोलणी, तुझं कसं चाललंय ते मला ठाऊक आहे. "ये, हे घर तुझंच आहे" असं मीच लिहिलं होतं. मनापासून लिहिलं होतं. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, एवढं तरी मान.

आणखी एक सांगते, ते तुझ्या दादालाही सांगितलेलं नाही. आई हल्ली पाणी पीत नाहीत. भांडं ओठाला लावलं की मान वळवतात. आधी वाटलं, जात नसेल. परवा मी जरा ओरडले, तेव्हा हळूच म्हणाल्या, "चादर भिजते गं. तू किती धुशील?" त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही. पिंपावरचं झाकण मी किती जपून काढते, ते त्या पडल्या पडल्या ऐकत असणार. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस नाहीत. मी चमच्याने पाजते. निम्मं बाहेर येतं.

तू आलीस तर त्या पितील, असं मनात येतं. लगेच दुसरं येतं, काय पितील? मला यातून वाट दिसत नाही, आणि आहे असं तुला लिहून फसवणार नाही. पावसाळ्यात बघू, खातं ऐकेल, असं लोक एकमेकांना म्हणतात. लाइन जोडून झाली आहे. जोडलेली लाइन कोणी काढत नाही.

खोलीच्या मालकांना अजून सांगितलं नसशील तर सांगू नकोस. सांगितलं असशील तर त्यांचे पाय धर. दाखले काढू नकोस. येऊ नकोस. आईंना भेटायलासुद्धा मुलांना घेऊन येऊ नकोस, एकदा आलात की मला परत पाठवता यायचं नाही.

लोक म्हणतील वहिनीने दार लावलं. म्हणू देत, लावलंच आहे. तूही म्हण. फक्त आईंसाठी वेगळी चिठ्ठी पाठव, त्यात "येतेय" एवढंच लिही. मी ती त्यांना रोज वाचून दाखवीन.

तुझ्या माहेरात राहणारी,
तुझी वहिनी